भात गिरणीची संगणक-वही : डेटाबेस एक्स्टेन्शनच्या दुरुस्तीचा अनुभव

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन निर्माण झालेल्या गोंदिया जिल्ह्याचे अर्थजीवन धानावर उभे आहे, आणि त्यामुळे येथील कचेऱ्यांमधील संगणकांचे कामही धानाच्याच हंगामाला बांधलेले असते. खरिपाचे धान मळून बाजारात येऊ लागले की भात गिरण्यांत, खरेदी केंद्रांवर आणि सहकारी संस्थांत एकाच वेळी नोंदींची गर्दी उसळते. शेतकऱ्याचे नाव, गाव, तालुका, कट्ट्यांची संख्या, काट्यावरचे वजन, बारदान्याचा हिशेब, आणि शासकीय धानाची भरडाई असेल तर क्विंटलमागे ६७ किलो कच्चा तांदूळ जमा करण्याच्या प्रमाणाची आकडेमोड, हे सारे त्याच काही आठवड्यांत उरकावे लागते. यातला शासकीय भाग शासनाने नेमून दिलेल्या ऑनलाइन प्रणालीवर चढविला जातो; परंतु हमालांची मजुरी, ट्रॅक्टरच्या फेऱ्या, कोंडा आणि कणी यांची विक्री, उधारी, हा हिशेब गिरणीच्या स्वतःच्याच वहीत राहतो, आणि ही वही अनेक ठिकाणी संगणकावर आली ती गावातल्याच एखाद्या संगणक शिकलेल्या तरुणाने लिहून दिलेल्या लहानशा प्रोग्रॅमच्या रूपाने.

असे प्रोग्रॅम बहुधा पीएचपी या भाषेत लिहिलेले असतात, कारण ती विनामूल्य आहे, शिकण्यास सोपी आहे, आणि झॅम्प नावाच्या एकाच संचातून अपाची हा वेब सर्व्हर, पीएचपी आणि मायएसक्यूएल किंवा त्याच वंशातला मारियाडीबी हा डेटाबेस अशी तिन्ही साधने एकदम संगणकावर बसविता येतात. या रचनेत एक बिघाड वारंवार भेटतो. संगणक बदलला, नवी आवृत्ती बसविली किंवा कुणी काही ‘साफसफाई’ केली की दुसऱ्या दिवशी पडद्यावर इंग्रजीतली एक ओळ उमटते, जिचा आशय एवढाच असतो की डेटाबेसशी जोडणी करणारी आज्ञा पीएचपीला ठाऊक नाही. ज्याच्यावर हंगामाचा भार आहे त्या मुनिमाला मात्र त्या ओळीचा एकच अर्थ लागतो, तो म्हणजे हिशेब गेला. हा अर्थ चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे यंत्राला हात लावण्यापूर्वी समजावून सांगणे हे अशा दुरुस्तीतले पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे काम आहे.

पीएचपीच्या मूळ गाभ्याला डेटाबेसची भाषा येत नाही. मायएसक्यूएलशी बोलणे, चित्रांवर प्रक्रिया करणे, देवनागरीसारख्या बहुबाइटी लिपीतील मजकूर मोजणे किंवा कापणे, अशी कामे स्वतंत्रपणे तयार केलेल्या पूरक कोडकडे सोपविलेली असतात, आणि अशा प्रत्येक पूरक भागाला एक्स्टेन्शन म्हणतात. विंडोजवर हा भाग डीएलएल प्रकारच्या फाइलच्या रूपाने आणि लिनक्सवर एसओ प्रकारच्या फाइलच्या रूपाने डिस्कवर ठेवलेला असतो, आणि पीएचपी सुरू होताना तिच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ज्यांची नावे असतील तेवढीच एक्स्टेन्शन्स ती स्मृतीत घेते. दोन माणसांमध्ये बसलेल्या दुभाष्यासारखे हे एक्स्टेन्शन असते : दुभाषा आला नाही तर दोघांचे बोलणे थांबते, पण त्यामुळे दोघांपैकी कुणाच्याही मनातले काही पुसले जात नाही. डेटाबेस सर्व्हर आपल्या जागी चालू असतो, त्याच्या फाइली जशाच्या तशा असतात, आणि त्या सर्व्हरशी दुसऱ्या साधनाने, म्हणजे काळ्या पडद्यावरच्या मायएसक्यूएलच्या स्वतःच्या आज्ञावलीने, जोडणी केली तर कालपर्यंतचे सगळे कट्टे आणि सगळी वजने तेथे दिसतात. मुनिमाला ही यादी प्रत्यक्ष दाखविणे हे कोणत्याही स्पष्टीकरणापेक्षा अधिक उपयोगी पडते, कारण त्यानंतरच कचेरीतली घाई ओसरते.

घाई ओसरणे आवश्यक आहे, कारण या बिघाडात खरे नुकसान बिघाडामुळे होत नाही, तर त्याच्या उपायामुळे होते. सर्वांत सहज सुचणारा उपाय म्हणजे झॅम्प काढून टाकून पुन्हा बसविणे, आणि तोच सर्वांत घातक आहे, कारण झॅम्पच्या रचनेत डेटाबेसच्या फाइली त्याच संचाच्या फोल्डरात, मायएसक्यूएलच्या आतील डेटा नावाच्या फोल्डरात असतात; संच काढताना तो फोल्डरही गेला तर त्यासोबत वर्षांचा हिशेब जातो. काही सावध माणसे आधी त्या फोल्डरातला आपल्या डेटाबेसच्या नावाचा फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून घेतात, आणि एवढे पुरेसे आहे असे समजतात. परंतु इनोडीबी या प्रचलित साठवण-पद्धतीत तक्त्यांविषयीची मध्यवर्ती माहिती आयबीडेटा१ नावाच्या, त्या फोल्डराबाहेर असलेल्या सामाईक फाइलमध्ये राहते, आणि ती नसेल तर नव्या सर्व्हरला तक्त्यांची नावे दिसतात पण आतील ओळी उघडता येत नाहीत. म्हणून जोवर सर्व्हर चालू आहे तोवर मायएसक्यूएलडम्प या साधनाने संपूर्ण डेटाबेसची मजकूर-रूपातील प्रत काढून ती दुसऱ्या डिस्कवर ठेवावी, आणि त्यानंतरच पीएचपीकडे वळावे, हा क्रम मोडू नये.

बिघाडाचे निदान करताना आधी थोडा इतिहास माहीत असावा लागतो, कारण एकसारख्या दिसणाऱ्या दोन ओळींमागे दोन अगदी वेगळी कारणे असतात. पीएचपीच्या चौथ्या आवृत्तीत मायएसक्यूएलशी बोलणारा भाग सोबतच येत असे आणि तो चालूही असे. पुढे मायएसक्यूएलच्या क्लायंट लायब्ररीच्या परवान्याच्या अटी बदलल्या, आणि २००४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून तो भाग आपोआप चालू असणे बंद झाले. त्याच आवृत्तीबरोबर मायएसक्यूएलआय हे नवे, सुधारित एक्स्टेन्शन आले, आणि ५.१ या आवृत्तीबरोबर वेगवेगळ्या डेटाबेसना एकाच पद्धतीने हाक मारणारे पीडीओ हे तिसरे. जुन्या एक्स्टेन्शनला २०१३ सालच्या ५.५ या आवृत्तीत कालबाह्य ठरविण्यात आले, आणि डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या ७.० या आवृत्तीतून ते पूर्णपणे काढून टाकण्यात आले. याचा व्यावहारिक अर्थ असा की पडद्यावरच्या ओळीत ‘मायएसक्यूएल_कनेक्ट’ हे जुने नाव असेल आणि पीएचपी सातव्या किंवा त्यापुढील आवृत्तीची असेल, तर ते एक्स्टेन्शन कितीही शोधले तरी मिळणार नाही, कारण ते अस्तित्वातच नाही. पण ओळीत ‘मायएसक्यूएलआय_कनेक्ट’ हे नाव असेल, किंवा पीडीओकडून ड्रायव्हर सापडत नाही अशी तक्रार असेल, तर फाइल बहुतेक वेळा त्याच डिस्कवर पडलेली असते आणि केवळ स्मृतीत घेतली गेलेली नसते. आणि ओळीत प्रवेश नाकारल्याचा उल्लेख असेल तर एक्स्टेन्शनचा प्रश्नच नाही. दुभाषा हजर आहे, फक्त पासवर्ड चुकला आहे. ती ओळ शेवटपर्यंत, अक्षर न अक्षर वाचणे ही सवय बीसीएच्या विद्यार्थ्यांना कोणत्याही आज्ञेआधी लावली पाहिजे, असे अशा कामांत वर्षे घालविलेल्या प्रत्येक तंत्रज्ञाचे मत बनते.

दुसऱ्या प्रकारचा बिघाड, म्हणजे फाइल असूनही स्मृतीत न आल्याचा, तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयीन प्रयोगशाळांत अधिक दिसतो, कारण तेथे झॅम्पऐवजी पीएचपीचा झिप संच हाताने उलगडून बसविण्याची पद्धत आहे, आणि शिकण्याच्या दृष्टीने ती चांगलीही आहे. या संचात पीएचपी.आयएनआय ही सेटिंगची फाइल तयार स्थितीत नसते; विकासासाठी एक आणि प्रत्यक्ष वापरासाठी एक असे दोन नमुने असतात, आणि त्यांपैकी एकाची प्रत करून तिला योग्य नाव द्यावे लागते. विंडोजमध्ये फाइलच्या नावाचा शेवटचा भाग लपवून ठेवण्याची सोय मुळात चालू असते, त्यामुळे नोटपॅडमधून साठविलेली फाइल पडद्यावर पीएचपी.आयएनआय दिसते पण प्रत्यक्षात तिच्या शेवटी टीएक्सटी चिकटलेले असते, आणि पीएचपीच्या दृष्टीने अशी कोणतीही सेटिंग फाइल नसतेच. विद्यार्थी त्या फाइलीत मायएसक्यूएलआयच्या ओळीपुढचे अर्धविरामाचे चिन्ह, ज्यामुळे ती ओळ निष्क्रिय टिपण ठरते, काळजीपूर्वक काढतो, फाइल पुनःपुन्हा साठवितो आणि काहीच बदलत नाही, कारण तो जी फाइल बदलतो ती कुणी वाचतच नाही.

या ठिकाणी अनुमान सोडून यंत्राचीच साक्ष काढावी लागते. पीएचपीइन्फो ही एकच आज्ञा असलेले पान ब्राउझरमधून उघडले की चालू असलेली पीएचपी स्वतःविषयी सर्व काही सांगते : तिची आवृत्ती, ती ३२ बिटची की ६४ बिटची, थ्रेड-सेफ बांधणीची की नाही, तिने कोणती सेटिंग फाइल वाचली, आणि एक्स्टेन्शन्स ती कोणत्या फोल्डरात शोधते. वाचलेल्या फाइलच्या ओळीपुढे ‘नन’ असे असेल तर वरील टीएक्सटीचा प्रकार समजावा. त्या ओळीत वेगळ्याच फोल्डराचा पत्ता असेल तर संगणकावर एकाहून अधिक पीएचपी आहेत असे समजावे, आणि प्रयोगशाळेतल्या संगणकांवर, जिथे प्रत्येक तुकडी आपापला संच बसवून जाते, ही गोष्ट अपवादाची नसते. हे पान ब्राउझरमधूनच उघडावे, कारण काळ्या पडद्यावर विचारल्यास उत्तर देणारी पीएचपी वेगळी असू शकते आणि तिची सेटिंग फाइलही वेगळी असू शकते. आज्ञेच्या पडद्यावर मायएसक्यूएलआय यादीत दिसते आणि ब्राउझरमध्ये दिसत नाही, या विसंगतीने अनेकांना तासन् तास चकविले आहे; तिचे कारण जवळजवळ नेहमी हेच असते.

योग्य फाइल सापडल्यावरही एक्स्टेन्शन्सच्या फोल्डराचा पत्ता राहतो. विंडोजवर तो दिलेला नसेल तर पीएचपी सी ड्राइव्हवरील पीएचपी या फोल्डरातल्या ईएक्सटी फोल्डरात शोध घेते, आणि संच डी ड्राइव्हवर उलगडलेला असेल तर तिथे काहीच मिळत नाही. नाव लिहिण्याची रीतही बदललेली आहे : ७.२ या आवृत्तीपूर्वी फाइलचे पूर्ण नाव लिहावे लागे, त्यानंतर केवळ ‘मायएसक्यूएलआय’ एवढे पुरते. शेवटी अपाची बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो, कारण सेटिंग फाइल फक्त सुरुवातीलाच वाचली जाते.

यापुढचा एक टप्पा मात्र खरोखर फसवा आहे आणि त्यावर थोडे थांबले पाहिजे. कधी कधी पत्ता बरोबर असतो, नाव बरोबर असते, फाइल त्याच जागी डोळ्यांसमोर असते, आणि तरीही विंडोज सांगते की निर्दिष्ट मॉड्यूल सापडले नाही. येथे ‘सापडले नाही’ हे विधान त्या फाइलबद्दल असतेच असे नाही. ती फाइल स्वतः ज्या दुसऱ्या फाइलवर अवलंबून आहे ती न मिळाल्यासही विंडोज हेच शब्द वापरते. पाचव्या आवृत्तीच्या सुरुवातीच्या काळात ही दुसरी फाइल बहुधा लिबमायएसक्यूएल नावाची डीएलएल असे. २००९ साली आलेल्या ५.३ या आवृत्तीने मायएसक्यूएलएनडी हा पीएचपीचा स्वतःचा ड्रायव्हर आणल्यावर ती गरज संपली, पण मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी++ च्या रनटाइम फाइली आजही लागतात, आणि नव्याने विंडोज टाकलेल्या संगणकावर त्या नसतात. तसेच ६४ बिटच्या पीएचपीला ३२ बिटचे एक्स्टेन्शन, किंवा थ्रेड-सेफ पीएचपीला तशी नसलेली बांधणी चालत नाही, आणि म्हणून दुसऱ्या संगणकावरून एकटी डीएलएल पेनड्राइव्हने उचलून आणण्याचा उपाय सहसा फसतो. ज्या जिल्ह्यात देवरी किंवा सालेकशाच्या जंगलपट्ट्यात मोठी फाइल उतरवून घेणे कष्टाचे होऊ शकते, तिथे काम करणाऱ्याने संपूर्ण संच आणि त्याला जुळणारी रनटाइम फाइल सोबतच बाळगावी, हा धडा अशा फेऱ्यांतूनच मिळतो.

लिनक्सवरची गोष्ट त्या मानाने सरळ आहे. उबुंटूवर पीएचपी-मायएसक्यूएल हे पॅकेज बसविले की मायएसक्यूएलआय आणि पीडीओचा ड्रायव्हर दोन्ही येतात. अडचण येते ती प्रणालीची आवृत्ती चढविताना, कारण २०.०४ मध्ये पीएचपी ७.४, २२.०४ मध्ये ८.१ आणि २४.०४ मध्ये ८.३ आहे, आणि नव्या पीएचपीसाठी तिच्याच क्रमांकाचे पॅकेज लागते.

भात गिरण्यांतला बिघाड बहुधा पहिल्या प्रकारचा, म्हणजे जुने एक्स्टेन्शनच अस्तित्वात नसल्याचा असतो, आणि त्याचे स्वरूप गोंदिया शहराजवळच्या एका गिरणीतल्या प्रसंगावरून नीट कळते. तेथला आवक-जावकीचा प्रोग्रॅम जुन्या मायएसक्यूएल एक्स्टेन्शनवर लिहिलेला होता, तो लिहून देणारा तरुण नोकरीसाठी पुण्याला गेला होता, आणि हंगामाच्या तोंडावर आणलेल्या नव्या संगणकावर पीएचपीची आठवी आवृत्ती असलेला झॅम्प बसविला गेला होता. तंत्रज्ञापुढे दोन मार्ग होते : प्रोग्रॅममधल्या जुन्या आज्ञा बदलून मायएसक्यूएलआयच्या करणे, किंवा जुनी पीएचपी पुन्हा चालविणे. पुस्तकी उत्तर पहिलेच आहे, कारण ५.६ या त्या शाखेतील शेवटच्या आवृत्तीच्या सुरक्षा-दुरुस्त्याही ३१ डिसेंबर २०१८ नंतर थांबल्या आहेत, आणि इंटरनेटवर उघड्या असलेल्या सर्व्हरवर ती ठेवणे समर्थनीय नाही. परंतु फाटकाबाहेर धानाचे ट्रॅक्टर उभे असताना हिशेबाच्या प्रोग्रॅमची फोड करणे हाही धोकाच आहे, आणि गिरणीचा संगणक बाहेरच्या जाळ्याला जोडलेला नव्हता. म्हणून जुना संगणक पुन्हा टेबलावर आणून त्याच्यावर हंगाम काढला गेला, रोज संध्याकाळी डेटाबेसची प्रत पेनड्राइव्हवर घेतली गेली, आणि बदलाचे काम हंगामानंतरच्या दिवसांसाठी ठेवले गेले. हा निर्णय तांत्रिक ग्रंथांत सापडणार नाही, पण ज्या कामासाठी यंत्र आहे त्या कामाचा कालक्रम लक्षात घेता तोच योग्य होता.

हंगामानंतर आज्ञा बदलताना यांत्रिकपणे शोधून बदलणे पुरले नाही, कारण जुन्या पद्धतीत आधी प्रश्न आणि मग जोडणी असा क्रम होता, तर मायएसक्यूएलआयमध्ये आधी जोडणी आणि मग प्रश्न द्यावा लागतो. शिवाय काही जुन्या आज्ञांना थेट जुळे नाही. हे उरकले, जोडणी झाली, एक्स्टेन्शनची तक्रार संपली, आणि तेव्हा एक नवाच प्रश्न पुढे आला : शेतकऱ्यांची नावे वाचता येईनात. प्रत्येक नावाच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन अक्षर आणि चलनाचे किंवा येनचे चिन्ह यांच्या जोड्या पुनःपुन्हा दिसत होत्या.

याचे कारण एक्स्टेन्शनच्या जुन्या सवयीत होते. मायएसक्यूएलच्या आठव्या आवृत्तीपूर्वी सर्व्हरची मूळ अक्षरसंहिता लॅटिन१ ही युरोपीय भाषांची होती, आणि जुन्या प्रोग्रॅमने जोडणी करताना कोणती संहिता वापरायची हे कधी सांगितलेच नव्हते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मात्रा आणि हलन्तासकट, तीन बाइट घेते. सर्व्हर ते तीन बाइट तीन युरोपीय अक्षरे समजून साठवीत असे आणि तसेच परत देत असे, आणि ब्राउझर ते पुन्हा जोडून बरोबर दाखवीत असे. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या, आणि नव्या प्रोग्रॅमने यूटीएफ८एमबी४ ही योग्य संहिता मागितल्याबरोबर त्यांतली एक दुरुस्त होऊन दुसरी उघडी पडली. यावरचा उपाय म्हणजे त्या स्तंभांचा प्रकार आधी निव्वळ बाइटांचा, म्हणजे बायनरी करणे आणि मग तो यूटीएफ८एमबी४ चा करणे, म्हणजे बाइट तेच राहतात आणि फक्त त्यांचे वाचन बदलते. सर्व्हरची कडक पद्धत चालू असेल तर या दुसऱ्या पायरीवर तुटलेले बाइट असलेल्या ओळी तो नाकारतो, आणि हे नाकारणे उपकारकच ठरते, कारण त्यातून आजवर न दिसलेली एक जुनी हानी समोर येते.

गाव आणि तालुका हे स्तंभ ३० अक्षरांचे ठेवलेले होते, आणि लॅटिन१ मध्ये ३० अक्षरे म्हणजे ३० बाइट. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा आणि देवरी ही नावे २१ बाइटांच्या आत बसतात. ‘सडक अर्जुनी’ ३१ बाइटांचे भरते आणि त्याची शेवटची वेलांटी तुटते. ‘अर्जुनी मोरगाव’ ४० बाइटांचे होते आणि ‘अर्जुनी मो’ वरच थांबते. जिल्ह्यातल्या आठ तालुक्यांपैकी नेमक्या या दोघांची नावे वर्षानुवर्षे कापली जात होती, आणि जुना सर्व्हर कडक पद्धतीने चालत नसल्यामुळे त्याने कुरकूर न करता ती कापून घेतली होती. पडद्यावर शेवटी एक चौकोन दिसे, आणि मुनीम तो संगणकाचा स्वभाव समजत असे. संहिता न सांगण्याच्या या सहज टाळता येणाऱ्या सवयीने माणसांच्या गावांची नावे मोडत होती, ही गोष्ट तंत्रज्ञाला कोणत्याही न चालणाऱ्या आज्ञेपेक्षा अधिक लागली, आणि ती लागणे योग्यच होते.

तालुक्यांची दोन्ही नावे दोन आज्ञांत पूर्ववत करता आली, कारण कापलेल्या रूपावरून मूळ नाव निःसंशय ओळखता येत होते. नवेगाव बांधसारखी गावेही, ज्यांचे अखेरचे अक्षर एका बाइटने हुकले होते, यादीशी ताडून पूर्ण झाली. अडले ते खुर्द आणि बुद्रुक अशा जोडगावांपाशी : मूळ नाव नऊ चिन्हांचे असेल तर त्याचे २७ बाइट आणि मोकळ्या जागेचा एक मिळून २८ होतात, उरलेल्या दोन बाइटांत खुर्दचा ‘ख’ही बसत नाही आणि बुद्रुकचा ‘ब’ही बसत नाही, आणि दोन्ही गावांचे धान डेटाबेसमध्ये एकाच नावाखाली पडते. त्या ओळींची स्वतंत्र यादी छापून गिरणीच्या माळ्यावरच्या काट्याच्या कागदी वह्या खाली काढण्यात आल्या, आणि मुनिमाने तारीख, वजन आणि शेतकऱ्याचे नाव जुळवून प्रत्येक ओळीपुढे गावाचे पूर्ण नाव हाताने लिहून दिले. नवा स्तंभ तोवर १०० अक्षरांचा करून ठेवलेला होता.